बारा खेड्यांचा राजा

सकाळी सातच्या सुमारास महालातल्या गांधी गेटाजवळ उभं राहिलं, की नागपूर जागं होताना दिसतं. तर्री पोह्यांच्या ठेल्यावर पहिली गर्दी जमलेली असते. दप्तरं पाठीला लावलेली पोरं स्कूटरच्या पुढच्या जागेत उभी राहून शाळेला निघालेली असतात. फुलवाले, दूधवाले, सायकलरिक्षा, सगळे त्या जुन्या दगडी कमानीच्या आसपासून वाट काढत असतात. कमानीकडे मान वर करून कुणी बघत नाही. रोजच्या रस्त्यातली गोष्ट कुणी बघत नसतं.

17 मार्च 2025 ला याच परिसरात दगड उडाले, गाड्या जळल्या. औरंगजेबाची कबर हटवा या मागणीसाठी दुपारी निदर्शनं झाली, कबरीची प्रतीकात्मक प्रतिकृती जाळली गेली, तिच्यावर पवित्र मजकुराची चादर होती अशी अफवा पसरली आणि संध्याकाळनंतर महाल, चिटणीस पार्क, हंसापुरी पेटले. शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली, ती काही दिवस टिकली. पोलीस जखमी झाले. एका जखमी माणसाचा पुढे रुग्णालयात मृत्यू झाला. तीनशे अठरा वर्षांपूर्वी अहिल्यानगरजवळ मेलेल्या आणि खुलताबादेत पुरलेल्या बादशहासाठी माझ्या शहरातल्या गल्ल्या बंद झाल्या.

त्या रात्रीपासून एक गोष्ट मनातून जात नाही. ज्या महालात हे घडलं, तिथून हाकेच्या अंतरावर गोंड राजाचा किल्ला आहे. नागपूर वसवणाऱ्या राजाचं हे ठिकाण. त्या राजानं औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारला होता. आणि त्याच राजानं पुढे औरंगजेबाविरुद्ध बंड करून त्याच्या मुलखात घोडे घातले होते. औरंगजेबाला विरोध कुणी केला, कसा केला, याचं उत्तर शोधायला नागपूरकराला खुलताबादपर्यंत जायची गरज नव्हती. ते उत्तर त्याच्या पायाखाली होतं.

त्याचं नाव राजे बख्त बुलंद शाह. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

बंदुकीकडून गादीकडे

बख्त बुलंदाकडे मी वळलो तो एका वेगळ्या बातमीमुळे. 8 डिसेंबर 2024 ला सीरियाची राजधानी दमास्कस बंडखोरांच्या हाती पडली. त्यांचा सेनापती अबू मोहम्मद अल जोलानी या नावानं जगाला माहीत होता. एके काळी तो अल कायदाशी जोडलेला होता, अमेरिकेनं त्याच्या डोक्यावर एक कोटी डॉलरचं बक्षीस लावलं होतं. महिन्याभरात त्यानं लष्करी पोशाख उतरवला, टाय लावला, जन्मनाव पुन्हा घेतलं. जानेवारी 2025 च्या शेवटी अहमद अल शारा हा सीरियाचा हंगामी राष्ट्राध्यक्ष झाला. सप्टेंबरात तो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बोलला, नोव्हेंबरात व्हाइट हाउसमध्ये पोचला.

अशी माणसं याआधीही झाली. अफगाणिस्तानचा गुलबुद्दीन हिकमतयार काबूलमध्ये इंजिनिअरिंग शिकणारा विद्यार्थी होता. पुढे हिज्ब-ए-इस्लामीचा सेनापती झाला, रशियनांशी लढला, मग नव्वदच्या दशकात त्यानं आपल्याच राजधानीवर अग्निबाणांचा मारा केला. त्यात हजारो काबूलकर मेले. त्याच काळात तो देशाचा पंतप्रधानही होता. 2016 मध्ये त्यानं सरकारशी समझोता केला, 2017 मध्ये काबूलला परतला, 2019 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली. फिलिपिन्सच्या मिंदानाओ बेटावर मुराद इब्राहिम या बंडखोर सेनापतीनं अनेक दशकं शस्त्र चालवून शेवटी करार केला आणि 2019 मध्ये तो बांगसामोरो या स्वायत्त प्रदेशाचा मुख्यमंत्री झाला.

या माणसांविषयी लोक एकच प्रश्न विचारतात: हा खरंच बदलला का? त्याच्या मनात आता काय आहे? मला हा प्रश्न निष्फळ वाटतो. माणसाच्या मनात काय आहे ते त्याच्या घरच्यांनाही कळत नाही. विचारायचा प्रश्न दुसरा आहे. गादीवर बसल्यावर त्यानं कुणाला जवळ केलं? त्याच्या राज्यात कोण राहायला आलं आणि कोण पळून गेलं? हा प्रश्न मला सुचला तो बख्त बुलंदामुळेच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. बख्त बुलंद धर्मासाठी लढणारा नव्हता. हिकमतयार किंवा जोलानी यांच्या रांगेत त्याला बसवणं अन्यायाचं होईल. पण धर्म, बंड आणि सत्ता ही तीन सूत्रं त्याच्या आयुष्यात ज्या घट्ट पिळानं एकत्र आली, तसा पीळ नागपूरच्या इतिहासात दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आला नाही.

देवगड

देवगड म्हटलं की मराठी माणसाला हापूस आठवतो. हे देवगड ते नव्हे. हे सातपुड्यातलं, आजच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातलं. दाट रानातल्या डोंगरावर किल्ला आहे, त्यात नक्कारखाना, पडके वाडे आणि पाण्याची टाकी आहेत. आठशे विहिरी आणि नऊशे बावड्यांचं गाव, असं तिथले लोक देवगडाविषयी अजून सांगतात. आकडा अक्षरशः घ्यायचं कारण नाही. पण डोंगरावर पाणी साठवण्याची विद्या या राजांना येत होती, हे त्या आठवणीत टिकून राहिलंय.

गोंडांची चार मोठी राज्यं होती: गढा-मंडला, खेरला, देवगड आणि चांदा. देवगडाचा पहिला बलवान राजा जाटबा. अकबराच्या दरबारात अबुल फझलनं लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त त्याची नोंद आहे: दोन हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ, शंभरावर हत्ती. म्हणजे रानात राहणारा कुणी टोळीप्रमुख, असं जे चित्र आपल्या मनात असतं, ते पुसून टाकावं लागतं.

पण दिल्लीची नजर या मुलखावर होतीच. हत्ती इथे, लाकूड इथे, आणि दक्षिणेत उतरायची वाटही इथूनच. 1637 मध्ये शहाजहानचा सरदार खान दौरान फौज घेऊन आला. त्यानं नागपूरचा किल्ला घेतला आणि देवगडच्या राजाकडून खंडणी कबूल करवून घेतली. म्हणजे बख्त बुलंदाच्या आधीही नागपूर हे नाव आणि इथला किल्ला होता. नावाची मुळं तर आणखी खोल जातात. वर्धा जिल्ह्यात देवळीला सापडलेल्या राष्ट्रकूट राजाच्या 940 सालच्या ताम्रपटात नागपूर-नंदिवर्धन या प्रदेशाचा उल्लेख आहे. किल्ला होता, नाव होतं, पण शहर नव्हतं.

1667 मध्ये दिलेरखान आला. पुरंदरच्या वेढ्यात मुरारबाजीशी लढलेला तोच हा दिलेरखान. पुरंदरच्या तहानंतर दोन वर्षांनी त्यानं चांदा आणि देवगड या दोन्ही गोंड राज्यांकडून जबर खंडणी काढली. सह्याद्रीत शिवाजी महाराज ज्या सत्तेशी झुंजत होते, तीच सत्ता सातपुड्यात गोंडांची कोठारं रिकामी करत होती. आपल्या शाळेच्या पुस्तकात या दोन गोष्टी एका पानावर कधी येत नाहीत. यायला हव्यात.

गादीची किंमत

अशा दबलेल्या, खंडणीखाली वाकलेल्या राज्यात गादीचा तंटा उभा राहिला. भाऊबंदकी राजघराण्यांना नवी नाही, आणि ती मिटवायला तिसऱ्याचं दार ठोठावलं की तो तिसरा आपली किंमत लावतो. देवगडचा हा तरुण राजपुत्र औरंगजेबाच्या दरबारात गेला. किंमत ठरली धर्माची. 1686 च्या सुमारास त्यानं इस्लाम स्वीकारला. बादशहानं त्याला नाव दिलं बख्त बुलंद: ज्याचं नशीब उंच आहे असा. त्याला देवगडची गादी मिळाली.

इथे एक गैरसमज दूर करतो. ‘शाह’ हा शब्द पाहून कुणी गोंड राजांना मुसलमान समजतात. तसं नाही. गढ्याचा संग्राम शाह, राणी दुर्गावतीचा पती दलपत शाह, ही सगळी नावं आधीची, आणि ही माणसं आपल्या गोंडी परंपरेतली. ‘शाह’ हा गोंड राजांचा मानाचा शब्द होता. बख्त बुलंदाच्या नावात त्यामुळे दोन्ही परंपरा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या: पुढे बादशहाचा किताब, मागे गोंडांचा.

या धर्मांतराकडे कसं पाहायचं? आज आपण दोनच रकाने आखतो. एकात धर्मवेडे, दुसऱ्यात फितूर. पण हा माणूस दोन्हींत बसत नाही. त्यानं धर्म बदलला तो राज्यासाठी, आणि ते करताना आपल्या रयतेला त्यात ओढलं नाही. देवगडच्या मुलखातले गोंड आपल्या देवांसोबत राहिले. त्यांची पेनठाणी म्हणजे देवस्थानं, त्यांचे भुमका म्हणजे पुजारी, त्यांचे सगे म्हणजे गोत्रगट, त्यांचे सण तसेच राहिले. राजा मुसलमान झाला म्हणून राज्य मुसलमान झालं नाही. त्या शतकातल्या युरोपात राजाचा पंथ तोच प्रजेचा पंथ, या तत्त्वावर लढाया झाल्या होत्या, गावंच्या गावं उजाड झाली होती. सातपुड्यातल्या या राजानं ती वाट धरली नाही. त्याच्या कारकिर्दीतली ही पहिली मोठी गोष्ट, आणि ती न घडलेली गोष्ट असल्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

उलट्या नशिबाचा

दिल्लीनं दिलेली गादी दिल्ली काढूनही घेते. 1691 मध्ये बादशहानं बख्त बुलंदाला पदच्युत केलं आणि देवगडची गादी दीनदार नावाच्या, त्याच्याच कुळातल्या दुसऱ्या मुसलमान गोंडाला दिली. बख्त बुलंदाला शाही छावणीत नजरेखाली ठेवलं.

या ठिकाणी थांबून विचार करायला हवा. धर्म दिला, त्याच्या बदल्यात राज्य मिळालं, आणि पाच वर्षांत राज्य गेलं. धर्म मात्र परत घेता येत नव्हता. औरंगजेबाच्या राज्यात मुसलमान झाल्यानं दरबाराचं दार उघडत असेल, पण विश्वास मिळत नव्हता. विश्वास फक्त आज्ञाधारकपणाला होता. बादशहाला मुसलमान राजा नको होता, ताब्यातला राजा हवा होता. दीनदारही पुढे बिघडला, आणि त्याच्याजागी आणखी एकाला धर्म बदलायला लावून बसवलं गेलं. गोंडांच्या गादीवर एकामागून एक माणसं ठेवायची आणि काढायची, हा बादशहाचा शिरस्ता झाला.

सोळाशे नव्वदच्या दशकाच्या शेवटी बख्त बुलंद छावणीतून निसटला, सातपुड्यात परतला आणि बंडाचं निशाण उभारलं. आता तो राजा नव्हता. रानावनातून फौज जमवणारा, मोगली ठाण्यांवर तुटून पडणारा बंडखोर सेनापती होता. मोगलांनी देवगड घेतलं, त्याचं नाव बदलून इस्लामगड ठेवलं. आणि त्या इस्लामगडाविरुद्ध लढत होता इस्लाम स्वीकारलेला राजा. एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली, तरी त्या काळाची लढाई कशासाठी होती ते उमगतं.

मदतीसाठी त्यानं कुणाकडे हात पसरला? बुंदेलखंडातल्या छत्रसालाकडे आणि मराठ्यांच्या छत्रपती राजारामांकडे. 1699 च्या अखेरीस राजाराम महाराज खानदेश-वऱ्हाडाच्या दिशेनं निघाले, त्यामागे देवगडच्या या राजाचं निमंत्रण हे एक कारण होतं. मोगलांनी वाट अडवल्यानं महाराजांना स्वतः इथवर पोचता आलं नाही आणि मार्च 1700 मध्ये सिंहगडावर त्यांचं निधन झालं. पण त्याच मोहिमेच्या काळात कृष्णा सावंत नावाच्या मराठा सरदाराच्या तुकडीनं नर्मदा ओलांडली. मराठ्यांचे घोडे नर्मदेपलीकडे गेले ते तेव्हा पहिल्यांदा. पुढे अठराव्या शतकात मराठे अटकेपर्यंत पोचले, त्या वाटेवरच्या पहिल्या पावलाशी एका मुसलमान गोंड राजाचं बंड जोडलेलं आहे.

बादशहाच्या कानावर बंडाची बातमी गेली तेव्हा त्यानं हुकूम केला, की याला यापुढे बख्त बुलंद म्हणू नका, ‘निगूनबख्त’ म्हणा. उलट्या नशिबाचा. ज्या हातानं नाव दिलं त्याच हातानं ते उलटं केलं. औरंगजेबासारखा, लाखो फौजेचा धनी असलेला बादशहा, दख्खनच्या किल्ल्यांत अडकून पडलेला असताना, सातपुड्यातल्या एका राजाच्या नावावर राग काढतो. त्या रागातच त्या बंडाचं वजन कळतं.

लोकांनी तो हुकूम मानला नाही. तीनशे वर्षांनंतरही त्याला कुणी निगूनबख्त म्हणत नाही.

बारा खेडी

1702 हे साल नागपूर आपलं स्थापनावर्ष मानतं. 2002 मध्ये शहरानं त्रिशताब्दी साजरी केली, ती याच हिशेबानं. नाग नदीच्या काठी राजापूर बारसा या नावानं ओळखली जाणारी बारा खेडी होती. बख्त बुलंदानं ती एकत्र जोडली, रस्ते काढले, वस्ती बसवली.

त्या खेड्यांची नावं वाचताना नागपूरकराला आपलाच पत्ता वाचल्यासारखं वाटतं. सीताबर्डी, म्हणजे आपली बर्डी. सक्करदरा. हिवरी. वाठोडा. भानखेडा. लेंड्रा. फुटाळा, जिथे तलावाच्या काठावर संध्याकाळी अर्धं शहर भुट्टा खायला जातं. ही नावं गोंडांच्या, कुणब्यांच्या, माळ्यांच्या, कोष्ट्यांच्या तोंडची आहेत. राजानं यातलं एकही नाव बदलून स्वतःचं लावलं नाही. बुलंदपूर, बुलंदाबाद असं काही त्याला सुचलं नसेल असं नाही. त्या काळात राजे गाव जिंकलं की त्याचं नाव बदलत, त्याच्या स्वतःच्या देवगडाचं मोगलांनी तेच केलं होतं. त्यानं आपल्या शहराला नागाचं, नदीचं, आधीपासून असलेलं नाव राहू दिलं.

मग त्यानं माणसं बोलावली. 1827 मध्ये नागपूरचा ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यानं या मुलखाचा मोठा अहवाल लिहिला. बख्त बुलंदाला जाऊन तेव्हा शंभराहून जास्त वर्षं झाली होती, मध्ये भोसल्यांची सत्ता येऊन स्थिरावली होती. तरीही जेंकिन्सनं त्याच्याविषयी जे लिहिलं त्याचा सारांश असा: त्यानं हिंदू आणि मुसलमान असा भेद न करता लायक माणसं कामाला घेतली, चहूकडून कष्टाळू लोक या भागात बोलावून वसवले, गावं उभी केली, शेती, कारागिरी आणि व्यापार वाढवला. एका गोऱ्या अधिकाऱ्याला शंभर वर्षांपूर्वीच्या गोंड राजाची खुशामत करण्याचं काही कारण नव्हतं. लोकांच्या तोंडून जे ऐकलं, जमिनीवर जे दिसलं, ते त्यानं नोंदवलं.

वैनगंगेच्या खोऱ्यात आज भंडारा, गोंदिया, बालाघाट, सिवनी या जिल्ह्यांत पोवार समाज मोठ्या संख्येनं आहे. धानाची शेती आणि त्यासाठी बांधलेले तलाव, यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. आपले पूर्वज माळव्यातून आले आणि रामटेकजवळच्या नगरधनला आधी स्थिरावले, असं त्यांची परंपरा सांगते, आणि ते येणं ती बख्त बुलंदाच्या काळाशी जोडते. बाहेरून आलेल्या माणसाला जमीन द्यायची, ती कसायला वेळ द्यायचा, मग सारा घ्यायचा, हा व्यवहार ज्या राजाला कळला त्याचं राज्य वाढतं. त्याच्या अखत्यारीत आजचे छिंदवाडा, बैतूल हे जिल्हे आणि नागपूर, सिवनी, भंडारा, बालाघाटचे भाग होते.

बंडखोरीचं आयुष्य काढलेल्या माणसाला हे जमलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. रानात लपून लढणाऱ्याला शत्रू आणि मित्र एवढ्या दोनच जाती माहीत होतात. ज्याला फसवलं गेलं त्याला प्रत्येक नव्या माणसाचा संशय येतो. बख्त बुलंदाकडे सगळ्या जगावर संशय घ्यायला पुरेशी कारणं होती. तरीही त्यानं दारं उघडी ठेवली.

जुम्मा, शुक्रवारी, गांधीसागर

बख्त बुलंदानंतर गादीवर आला चांद सुलतान. त्यानं देवगडचा डोंगर सोडून नागपूरलाच राजधानी केली. शहराभोवती कोट बांधला, त्याला वेशी ठेवल्या. नाल्याला बांध घालून मोठा तलाव केला. कोटाच्या एका वेशीचं नाव जुम्मा दरवाजा, तलावाचं नाव जुम्मा तलाव.

जुम्मा म्हणजे शुक्रवार. लोकांनी त्या तलावाला शुक्रवारी तलाव म्हणायला सुरुवात केली. एकाच दिवसाचं नाव एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आलं, कुणी मोर्चा काढला नाही, कुणी ठराव केला नाही. स्वातंत्र्याच्या काळात त्याच तलावाला गांधीसागर नाव मिळालं. आणि जुम्मा दरवाजा झाला गांधी गेट. लेखाच्या सुरुवातीला जिथे तर्री पोह्यांचा वास दरवळत होता, ती जागा ही.

गोंड, फारसी, मराठी, गांधी. एका कमानीवर इतिहासाचे चार थर आहेत आणि एकही थर दुसऱ्याला खोडत नाही. 17 मार्चच्या संध्याकाळी दगड हातात घेतलेल्या दोन्ही बाजूंच्या पोरांना ही कमान कुणाची आहे हे कुणी सांगितलं होतं का? मला नाही वाटत. आम्ही मोठ्या माणसांनी ते सांगितलं नाही. दोष आमचा आहे.

चांद सुलतान वारला तेव्हा पुन्हा गादीचा तंटा उभा राहिला. वली शाह नावाच्या आप्तानं गादी बळकावली. चांद सुलतानाची विधवा राणी रतन कुंवर हिनं आपल्या मुलांसाठी वऱ्हाडातून मराठा सरदार रघुजी भोसले यांना बोलावलं. मुसलमान राजघराण्यातली गोंड राणी मराठा सरदाराला हाक घालते आणि तो धावून येतो. रघुजींनी वली शाहाला हटवून अकबर शाह आणि बुरहान शाह या मुलांना गादीवर बसवलं. पुढे भावाभावांत फाटलं, बुरहान शाहानं पुन्हा रघुजींना बोलावलं, आणि 1743 पासून नागपूरची खरी सत्ता भोसल्यांकडे आली.

रघुजींनी बुरहान शाहाला हाकललं नाही. त्याला राजा म्हणून मान दिला, नेमणूक दिली, किल्ल्यात ठेवलं. भोसल्यांच्या गादीवर नवा राजा बसला की त्याला टिळा लावण्याचा मान गोंड राजाकडे राहिला. मराठा राजाच्या कपाळावर मुसलमान गोंड राजानं लावलेला टिळा. नागपूरच्या राज्याभिषेकाची ही रीत होती. 1853 मध्ये तिसऱ्या रघुजींच्या मृत्यूनंतर डलहौसीनं राज्य खालसा केलं, भोसल्यांची गादी गेली. गोंड राजघराण्याचे वंशज मात्र महालातच राहिले. आजही आहेत. आपण गोंड आहोत हेही ते सांगतात आणि आपला धर्म इस्लाम आहे हेही सांगतात. या दोन गोष्टींत त्यांना अडचण वाटत नाही.

दुसरा सेनापती, दुसरी गोष्ट

हे सगळं सांगताना एका दुसऱ्या सेनापतीचा उल्लेख करायलाच हवा, म्हणजे तुलना पक्की होईल. त्याचं नाव अमीर खान. रोहिला पठाण, भाडोत्री फौजेचा धनी, यशवंतराव होळकरांचा साथीदार. 1809 मध्ये तो पेंढाऱ्यांसह नागपूरकर भोसल्यांच्या मुलखावर चालून आला, जबलपूरकडचा भाग त्यानं लुटला. पेंढारी येणार म्हटलं की त्या काळात आमच्या भागातली गावं घरं सोडून रानात पळत. 1817 मध्ये इंग्रजांनी त्याच्याशी तह केला, फौज मोडण्याच्या बदल्यात त्याला टोंकचा नवाब म्हणून मान्यता दिली. उरलेलं आयुष्य त्यानं नवाब म्हणून काढलं.

अमीर खानही बंडखोर सेनापतीचा राजा झाला. पण नागपूरकडच्या गावांत त्याच्या नावानं काय उरलं? जळलेली खळी आणि पळालेली माणसं. त्यानं समझोता केला तो दुसऱ्या सत्तेशी, आपल्या वाटणीसाठी. ज्या गावांना त्यानं लुटलं, त्यांच्याशी त्याचा कुठलाच हिशेब झाला नाही. हिकमतयार काबूलला परतला तेव्हा, त्याच्या अग्निबाणांत घरातली माणसं गमावलेल्या काबूलकरांचाही हिशेब असाच राहून गेला. कागदावर शांतता झाली, माफी मागितली गेली नाही.

बंडखोराला गादी मिळणं ही इतिहासात नेहमीची गोष्ट आहे. ज्याच्याकडे तलवार आहे त्याला कधी ना कधी कुणी खुर्ची देतो. खुर्ची देणाऱ्याला शांतता हवी असते आणि बसणाऱ्याला मान. अमीर खानाला इंग्रजांनी मान दिला, हिकमतयारला काबूलच्या सरकारनं दिला. शाराला आज मोठमोठे देश देत आहेत. त्यानं काय केलं हे ठरवायला सीरियातले अलवी, द्रुझ, ख्रिस्ती, कुर्द आहेत. 2025 मध्येच किनारपट्टीवर अलवींची आणि स्वैदा भागात द्रुझांची कत्तल झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्षाच्या टायकडे बघून निकाल देणाऱ्यांनी थोडं थांबायला हवं. निकाल सांगतील ती ही माणसं. ती घरी राहिली की घर सोडून गेली, यावरून.

आपल्याकडे काय आहे

सिव्हिल लाइन्समध्ये, विधान भवनाच्या परिसरात, बख्त बुलंदाचा पुतळा आहे. हिवाळी अधिवेशनात त्याच्या आसपासून किती मोर्चे जातात, किती मंत्र्यांच्या गाड्या जातात. गोंड समाजाची माणसं त्याच्या गळ्यात हार घालतात. बाकीच्या शहराला तो कोण हे विचारलं तर उत्तर मिळतं, ‘गोंड राजा.’ त्यापुढे गोष्ट जात नाही.

ती पुढे जायला हवी. शाळेत मुलांना सांगायला हवं, की या शहराच्या संस्थापकाचं कूळ आदिवासी, धर्म इस्लाम, मित्र छत्रपती राजाराम आणि छत्रसाल, शत्रू औरंगजेब. चार शब्दांत चार खोटी समीकरणं मोडतात. मुसलमान म्हणजे औरंगजेबाचा, हे मोडतं. आदिवासी म्हणजे राज्य न जाणणारा, हे मोडतं. मराठे आणि मुसलमान कायमचे वैरी, हे मोडतं. आणि धर्म बदलला की माती बदलते, हेही मोडतं.

महालातला गोंड किल्ला नीट राखायला हवा. देवगडच्या किल्ल्यावर नागपूरच्या शाळांच्या सहली जायला हव्यात. तो मध्य प्रदेशात गेला म्हणून आपला राहिला नाही असं होत नाही. बारा खेड्यांची नावं शहरात ठळक दिसतील अशी लिहायला हवीत. यासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ती थोडी लाज आणि थोडी माया.

औरंगजेबाचा राग कुणाला येत असेल तर येऊ द्यावा. त्यानं मराठ्यांवर, शिखांवर, गोंडांवर, स्वतःच्या भावांवर जे केलं त्याचा राग यायलाच हवा. पण तो राग व्यक्त करायची एक नागपुरी रीत आहे आणि ती तीनशे वर्षं जुनी आहे. औरंगजेबानं बख्त बुलंदाची गादी काढून घेतली, त्याचं नाव उलटं केलं, त्याच्या गडाचं नाव बदललं. त्यावर त्यानं बंड केलं आणि बंडानंतर एक गाव वसवलं, ज्यात कुणालाही येऊन राहता येत होतं. औरंगजेबाचं साम्राज्य त्याच्यामागे मोडत गेलं. ते गाव आज सुमारे तीस लाख माणसांचं शहर आहे. आपण त्यात राहतो.